गरोदर मातांसाठी पोषण आहार व आर्थिक मदत : बेळगाव सीमाभागात नोंदणी कशी करावी

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याची खात्री होण्याआधीच. त्यामुळे फॉलिक ॲसिड वेळेवर मिळण्यासाठी पाळी चुकताच आशाताईंकडे नाव नोंदवणे महत्त्वाचे ठरते. तिसऱ्या महिन्यापर्यंत कोणाला सांगू नये, हा आपल्याकडचा संकेत निदान त्यांच्यापुरता तरी बाजूला ठेवावा. नोंदणीनंतर जे तायी कार्ड (कर्नाटकातील माता-बाल नोंदीचे कार्ड) मिळते, त्यावर शेवटच्या पाळीची तारीख बरोबर लिहिली आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे.

कर्नाटक सरकारची मातृपूर्ण योजना २ ऑक्टोबर २०१७ पासून चालू आहे. तीत गरोदर आणि स्तनदा मातांना महिन्याचे २५ दिवस अंगणवाडीत गरम जेवण मिळते. ताटात भात, सांबार, भाजी, उकडलेले अंडे, दूध आणि शेंगदाणा-गुळाची चिक्की असते. बाळाचे वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरते आणि आईच्या अंगात रक्त कमी असल्यास ते अडीच किलोच्या आत राहण्याचा धोका वाढतो, म्हणून लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत आणि चहासोबत तर मुळीच घेऊ नयेत.

पैशांची मदत प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून मिळते : पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील (बीपीएल) किंवा अन्न सुरक्षा कायद्याखालील रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड किंवा आठ लाखांच्या आतील उत्पन्नाचा दाखला यांपैकी एक पुरावा चालतो. नियमित सरकारी नोकरीतील महिला मात्र पात्र नाहीत. सोबत आधार, तायी कार्ड आणि स्वतःच्या नावावरील आधार-जोडलेले बँक खाते लागते. दुसऱ्या हप्त्यासाठी बाळाची जन्मनोंदणी आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झालेली असावी लागते.

अडचण बहुधा नावाची होते. आधारवर माहेरचे आडनाव, बँकेच्या पासबुकावर सासरचे, आणि कानडीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग तिसरेच. ही दुरुस्ती अर्जाआधी करून घ्यावी.

खानापूर वा बेळगाव तालुक्यातील मुली पहिल्या बाळंतपणाला महाराष्ट्रातील चंदगड, गडहिंग्लजला माहेरी जातात. मातृ वंदना ही केंद्राची योजना असल्याने हद्द ओलांडली तरी हक्क बुडत नाही. मातृपूर्णचे जेवण मात्र कर्नाटकातले आहे, तेव्हा माहेरच्या अंगणवाडीत नव्याने नाव घालावे आणि तायी कार्ड पिशवीत ठेवूनच एसटीत बसावे.