मॅटरहॉर्नचा माथा कुठला?

स्वित्झर्लंडमधल्या झर्मॅट गावाची उंची साधारण 1,600 मीटर, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या शिखराइतकी. गावात पेट्रोलच्या गाड्यांना मज्जाव आहे. त्या खालच्या टॅश गावात ठेवायच्या आणि रेल्वेनं वर यायचं. आलेला माणूस आधी मान वर करतो, कारण समोर 4,478 मीटरचा मॅटरहॉर्न उभा असतो.

हा डोंगर आफ्रिकेचा आहे, असं तिथे हौसेनं सांगतात. ते अर्धंच खरं. माथ्याकडचा नाईस हा खडक ॲड्रिया नावाच्या भूखंडाचा. हा भूखंड मूळचा आफ्रिकेला जोडलेला. पायथ्याचे खडक मात्र समुद्रतळाचे. सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी युरोप आणि ॲड्रिया यांच्यामध्ये टेथिस महासागराची एक शाखा पसरली होती. पुढे ती मिटत गेली, तिचा तळ खाली ओढला गेला आणि ॲड्रियाचा पत्रा त्यावर चढला. म्हणून इथे जुना खडक वर आणि नवा खाली. थरांवर थर रचलेल्या सह्याद्रीची सवय असलेल्या नजरेला हे उलटंच वाटणार. एमिल आर्गां या स्विस भूशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही उलथापालथ उलगडून दाखवली.

झर्मॅटहून गोर्नरग्राटच्या डोंगरधारेवर जाणाऱ्या, 1898 साली सुरू झालेल्या विजेच्या रेल्वेतून रिफेलहॉर्न शिखराचा सर्पेंटिनाइट हा खडक दिसतो. तोही त्याच समुद्राखालचा. डोंगरापलीकडे, इटलीच्या बाजूला, चिन्याना तळ्याजवळ कोएसाइट सापडलं आहे. क्वार्ट्‌झचं हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होतं. म्हणजे तिथला समुद्रतळ 80 किलोमीटरहून खोल जाऊन परत वर आला. मला तर शिखरापेक्षा हा प्रवास जास्त थरारक वाटतो.

शिखराचा सुळका मात्र बर्फाची करणी. चहूबाजूंच्या हिमनद्यांनी कडे कोरले आणि मधला भाग उरला. भेगांमधलं कायम गोठलेलं बर्फ खडकाला धरून ठेवतं. 2003 च्या कडक उन्हाळ्यात मॅटरहॉर्नच्या हॉर्नली धारेवर दरड कोसळली, तेव्हा तुटलेल्या जागी उघडं बर्फ दिसलं. अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरनं उतरवावं लागलं. त्याच धारेवर सुमारे 3,500 मीटर उंचीवर 2008 पासून संवेदक बसवलेले आहेत. खडकाचं तापमान आणि भेगांची हालचाल ते नोंदवतात. भेगा ऋतूंप्रमाणे किंचित उघडतात आणि मिटतात. जी भेग उघडून पुन्हा मिटत नाही, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.