क्रिएटिनिन नॉर्मल आलं, तरी खालची ओळ वाचा
साठीपुढच्या ग्राहकांसाठी आमच्या लॅबचं माहितीपत्रक

रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून बाहेर टाकायच्या कचऱ्याचा, आकडा बघतात. तो मर्यादेत दिसला की कागदाची घडी खिशात जाते. साठी ओलांडलेल्यांनी एवढ्यावर थांबू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. त्याच्या खालीच ईजीएफआर छापलेला असतो. किडन्यांची रक्त गाळण्याची ताकद किती उरली आहे, हे तो आकडा सांगतो.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. त्यामुळे तालमीत मेहनत करणाऱ्या २५ वर्षांच्या पैलवानाचं क्रिएटिनिन १.२ आलं, तर त्याचा ईजीएफआर ८६ च्या आसपास निघतो. ७५ वर्षांच्या आजींचंही १.२ च आलं, तर त्यांचा मात्र ४७ च्या आसपास. ईजीएफआर तीन महिने किंवा जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. आजी अगदीच वाळलेल्या असतील, तर खरी ताकद ४७ पेक्षाही कमी असू शकते, कारण ईजीएफआरचा हिशेब क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष एवढंच बघतो, अंगावरचं मांस बघत नाही.

चाळिशीनंतर ईजीएफआर वर्षाला साधारण एकाने उतरतो. ही उतरण वयाची आहे, तिला घाबरू नका. काळजी करायची ती उतरणीचा वेग वाढवणाऱ्या गोष्टींची. त्यात साखर आणि बीपी सगळ्यांत पुढे. दोन्हींनी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीतून गळायला लागतं. दुखत काहीच नाही. पायावर सूज येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून शुगर असलेल्यांनी ईजीएफआरसोबत लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणीही वर्षातून एकदा करावी. त्यात ३० च्या आत आकडा ठीक. त्यापुढे गेला तर डॉक्टरांना दाखवा. क्रिएटिनिन अगदी नॉर्मल असतानाही हा आकडा वाढलेला असू शकतो.

आता दुखण्याच्या गोळ्यांबद्दल, कारण आम्हाला सगळ्यात जास्त चिंता याचीच वाटते. जन्मभर भांगलण आणि ऊसतोड केलेल्यांचे गुडघे दुखणारच. मग दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अॅसिक्लोफेनॅकचं पाकीट येतं आणि रोज एक गोळी सुरू होते. किडनीकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या मोकळ्या ठेवायला शरीर जे पदार्थ बनवतं, तेच या गोळ्या रोखतात. तरुण माणसाला दोन दिवस घेतल्या तर बहुधा निभावतं. पण वय झालेलं, बीपीची ठराविक औषधं आणि लघवी होण्याची गोळी चालू, त्यात उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालेलं, अशा वेळी थोड्याच दिवसांत किडनी बंद पडायची वेळ येऊ शकते. डॉक्टरांना विचारून ठरल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घेणं किडनीसाठी त्या मानाने सुरक्षित. आणि हे वाचून बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. त्यातल्या काही गोळ्या किडनी सांभाळण्यासाठीच दिलेल्या असतात.

कुणीतरी दिलेली पुडी किंवा भस्म, त्यात काय आहे ते माहीत नसताना घेऊ नका. काही भस्मांत पारा आणि शिसं सापडलेलं आहे. गॅसची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर ती अजून लागते का, हे डॉक्टरांना एकदा विचारा.

जेवणात आपला हात मिठाला सढळ. खर्डा, लोणचं, पापड, रस्सा आणि वर फरसाण. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी मीठ सांगते. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ किडनीचा त्रास असलेल्यांनी परस्पर सुरू करू नये. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साठतं. शहाळ्याच्या पाण्याचंही तेच.

म्हातारपणी तहान कमी लागते. उन्हाळ्यात घरच्यांनी आठवणीने पाणी द्यावं. जुलाब-उलट्या झाल्या तर शुगर आणि बीपीच्या कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. पण किडनी ‘धुऊन काढायला’ तांब्यावर तांब्या रिचवण्यात फायदा नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांना तर त्याने अपायच होतो.

पुरुषांत प्रोस्टेट वाढून लघवी अडून राहते, त्याचा दाब किडनीवर येतो. धार बारीक झाली किंवा रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, हे वयाचं म्हणून सोडून देऊ नका. मुतखडा, तंबाखू, हृदयविकार आणि घरात आई-वडील किंवा भावंडांना किडनीचा आजार, यांपैकी काही असेल तर तपासणी लवकर सुरू करा.

रक्त द्यायला येताना एवढं सांभाळा. आदल्या रात्री मटण नको. शिजलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं, आणि तांबड्या-पांढऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट बघून घरचे उगाच हादरतात. व्यायामाची क्रिएटिन पावडर घेत असाल तर काउंटरवर सांगा. लघवीच्या तपासणीला सकाळची पहिली लघवी आणा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर ती तपासणी बरं वाटल्यावर करू. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणलीत तर उत्तम. जुना रिपोर्टही आणा. एकट्या आकड्यापेक्षा मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवलेला आकडा डॉक्टरांना जास्त सांगतो.