बटण कोणाचं, रेघ कोणाची?

इंदूरच्या रामबागेतलं एखादं मराठी वाचनालय घ्या. संगणकावर पुस्तकांच्या नोंदी, खाली ‘दिवस वाढवा’ असं बटण. ग्रंथपालबाईंनी ते दाबलं की सभासदाची मुदत पुढे सरकते.

या बटणाचा कारभार दोघं मिळून पाहतात. हे बटण आहे, माऊस वर आला की उजळायचं, दाबलं की कोणतं काम सुरू करायचं, हे विजेट टूलकिटला, म्हणजे बटणं, चौकटी असे पडद्यावरचे तयार भाग पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ठाऊक. ग्राफिक्सच्या थराला बटणबिटण काही कळत नाही. रेघ ओढ, चौकट रंगव, अक्षर उमटव, एवढंच त्याचं काम.

दोघांची फारकत करायची, कारण पडद्यामागची यंत्रणा सारखी बदलते. बर्कलीत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांच्या गिंप या चित्र-संपादकासाठी १९९०च्या दशकात जीटीके हे टूलकिट लिहिलं गेलं. युनिक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स विंडो सिस्टीमशी बोलायला त्यात जीडीके हा मधला थर होता. थर कसला, बराचसा एक्सच्याच फंक्शनांना दिलेली नवी नावं! पण तेवढ्या आडोशामुळे जीटीके विंडोजवर नेणं सोपं झालं. २००५मध्ये २.८ आवृत्तीपासून रेखाटन कैरो या लायब्ररीकडे (म्हणजे चित्रकामाच्या तयार कोडच्या संचाकडे) गेलं, आणि २०२०च्या जीटीके ४मध्ये मुख्यतः ग्राफिक्स कार्डाकडे. ज्यांनी फक्त तयार बटणं वापरली त्यांचं चित्रकाम आपोआप बदललं. ज्यांनी स्वतःच्या रेघा ओढल्या होत्या त्यांना त्या पुन्हा लिहाव्या लागल्या.

खरी गंमत अक्षरांपाशी आहे. बटण किती रुंद हवं, हे मजकूर मोजल्याशिवाय टूलकिटला ठरवता येत नाही. ‘दिवस’ शब्दात संगणक आधी द साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी यायला हवी. ‘वाचनालय’मध्ये ही अडचण नाही, ‘पुस्तक’मध्ये स्त जोडावा लागतो. जीटीकेत हे काम पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी पाहते. फाँटमधले नियम वाचून आकारांची जुळणी करायला ती हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीची मदत घेते, आणि मग रुंदीचा आकडा टूलकिटला मिळतो. म्हणजे मजकूर धड इकडचाही नाही, धड तिकडचाही नाही. मला तरी या सगळ्या रचनेतला सर्वांत अवघड भाग हाच वाटतो.

बाईंनी शोधाच्या चौकटीत ‘दि’वर क्लिक केलं, तर टूलकिटला पुन्हा पँगोलाच विचारावं लागतं. वेलांटी आणि द यांच्यामध्ये डोळ्यांना फट दिसली, तरी कर्सर तिथे थांबत नाही. तो ‘दि’च्या अलीकडे किंवा पलीकडे उभा राहतो.