बाक मोजणारी चुंबकीय पट्टी : बसवण्याआधी वाचा

कौलारू घराचं आढं पावसाळ्यात किती खाली येतं, मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या झडपेचं) दार पूर्ण मिटतं का, अशा कामांसाठी ही पट्टी आहे. मोजायचा असतो बाक; पण दुपारी कौलं तापली की एकच चुंबकीय थर असलेली पट्टी न वाकताही आकडा बदलते. म्हणून आमच्या पट्टीत असे दोन थर आहेत.

मधे अर्धा मिलिमीटर जाडीचं फॉस्फर ब्राँझ. त्याच्या वर आणि खाली लोह-निकेल मिश्रधातूची २५ मायक्रॉनची फीत, इपॉक्सीने चिकटवलेली. ही फीत ताणली की लांबीच्या दिशेने सहज चुंबकित होते, दाबली की कमी. दोन्ही बाजूंच्या चपट्या कॉइल हाच फरक वाचतात.

पट्टी वाकली की एक फीत ताणते, दुसरी दबते. १०० मिमी पट्टीचं मोकळं टोक १ मिमी ढकललं, तर पकडीजवळ हा ताण, म्हणजे लांबीतला बदल, दशलक्षात सुमारे ७५ भाग असतो, एकीत अधिक, दुसरीत उणे. उष्णतेचं गणित वेगळं. ब्राँझ दर अंशाला दशलक्षात सुमारे १८ भाग पसरतं, फीत सुमारे १२. त्यामुळे तापमान २० अंशांनी वाढलं की दोन्ही फिती जवळपास १२० भाग ताणल्या जातात. म्हणजे दोन कॉइलच्या आकड्यांची वजाबाकी बाकाची, बेरीज उष्णतेची. नुसती उष्णताच मोजायची असेल तर मात्र ही पट्टी घेऊ नका. साधा थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा सुटा भाग) स्वस्तात काम करतो.

पट्टीचं एकच टोक भिंतीवरच्या पितळी पकडीत आवळा. स्क्रू ३१६ स्टेनलेसचेच हवेत: साधा लोखंडी स्क्रू चुंबकीय क्षेत्र ओढून घेतो आणि खाऱ्या हवेत गंजतोही. मोकळं टोक आढ्याला टेकवून २ मिमी आधीच वाकवून ठेवा, म्हणजे आढं वर गेलं तरी कळेल. एकूण बाक ८ मिमीच्या आत ठेवा.

दोन्ही टोकं आवळली तर तापलेल्या पट्टीला पसरायला जागा उरत नाही, ती मधे फुगते आणि नसलेला बाक दिसतो. अख्खी पट्टी लाकडावर चिकटवणं याहून वाईट. मग आढं वाकलं की दोन्ही फिती एकाच दिशेने ताणल्या जातात, वजाबाकी शून्याजवळ येते आणि सगळा बाक उष्णता म्हणून नोंदला जातो. बहुतेक चुकीच्या आकड्यांचं मूळ या दोन गोष्टींतच सापडतं.

शून्य पहाटे लावा, कौलं थंड असताना, पट्टी बसवून अर्धा तास झाल्यावर. त्यानंतर पकड फिरवू नका. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही पट्टीला जाणवतं, आपल्याकडे ते सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. पट्टीची दिशा बदलली की शून्यही सरकतं. मोटार किंवा स्पीकर जवळ नको.

पावसाळ्यानंतर कडा भिंगातून बघा. फितीवरच्या लाखेच्या लेपाखाली तपकिरी रेघ दिसली तर फीत गंजू लागली आहे. खरवडू नका, कोरड्या फडक्याने पुसून त्यावर लाखेचा हात द्या. टोक वाकवल्यावर एका कॉइलचा आकडा हलतो आणि दुसरीचा जागेवरच राहतो, असं झालं तर ती फीत इपॉक्सीपासून सुटली आहे. अशी पट्टी बदलावीच लागते.