न बोलणाऱ्या मुलांचे हाडासांध्यांचे दुखणे

ज्या मुलाला शब्दांतून काही सांगता येत नाही आणि ज्याचे हातपायही पुरते त्याच्या ताब्यात नाहीत, अशा मुलाच्या हाडांतील, सांध्यांतील व स्नायूंतील वेदना ओळखणे, तिचे मूळ शोधणे आणि ती कमी करणे हा या नोंदीचा विषय आहे. अशा मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माआधी किंवा लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीवर ताबा न राहणे, असलेली मुले बरीच असतात. काही जनुकीय आजारांत आणि मेंदूला पुढे झालेल्या इजेनंतरही हीच परिस्थिती येते.

बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही, असा समज वैद्यकातही दीर्घकाळ होता. नवजात बाळांना वेदना पुरेशी जाणवत नाही असे मानून 1980च्या दशकापर्यंत त्यांच्यावर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली. बोलून सांगणे ही वेदना व्यक्त करण्याच्या अनेक रीतींपैकी केवळ एक रीत आहे, हे त्या व्याख्येच्या टिपांत स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही तपासणीच्या खोलीत ‘तो तसाच आहे हो’ हे वाक्य आजही ऐकू येते. मुलाची प्रत्येक तक्रार त्याच्या मूळ अपंगत्वाच्या खात्यावर टाकली जाते, आणि उपचार होऊ शकणारे दुखणे महिनोन्‌महिने तसेच राहते.

वेदना ओळखताना मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या वागण्याशी करायची असते, इतर मुलांशी नाही. रडणे हे एक लक्षण झाले. पण काही मुले दुखले की गप्प होतात, अंग आखडून घेतात, श्वास रोखतात, खाणे नाकारतात, झोपेतून पुन्हापुन्हा उठतात, स्वतःला चावतात. क्वचित एखादे मूल दुखताना हसतेदेखील. लंगोट बदलण्याचीच वेळ घ्या. एरवी आईकडे पाहणारे मूल डावी मांडी बाजूला करताच नजर काढून घेते, भुवया आवळते, उजव्या हाताची मूठ घट्ट होते. मांडी परत जवळ आणली की दोन-तीन श्वासांत मूठ सुटते. उजव्या पायाला यातले काहीच होत नाही. एवढ्या निरीक्षणावरून खुब्याकडे बोट दाखवता येते.

असे निरीक्षण आकड्यांत मांडण्यासाठी मापनपट्ट्या आहेत. सुधारित फ्लॅक पट्टीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होण्याची क्षमता या पाच बाबींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात. त्या विशिष्ट मुलाच्या खास खुणा पालकांना विचारून तीत आधीच लिहून ठेवता येतात, आणि तिचे खरे मोल तिथेच आहे. ‘नॉन-कम्युनिकेटिंग चिल्ड्रन्स पेन चेकलिस्ट’मध्ये 30 बाबी असून दोन तासांच्या निरीक्षणावरून गुण देतात, 7 किंवा अधिक गुण आल्यास वेदना असल्याचे धरतात. पट्टी कोणतीही असो, मूल बरे असताना एकदा भरून ठेवावी. तो कागद हाताशी नसेल तर दुखत असतानाच्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

कारणांमध्ये खुब्याचा सांधा सर्वांत महत्त्वाचा. सेरेब्रल पाल्सीत खुबा जन्मतः बहुधा ठीक असतो. ताठर स्नायूंच्या असमान ओढीमुळे आणि उभे राहणे न झाल्यामुळे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर सरकतो. सुमारे एक-तृतीयांश मुलांमध्ये हे घडते, आणि हालचालीची मर्यादा जितकी जास्त तितका धोका जास्त. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहणे चुकीचे. ठरावीक अंतराने एक्स-रे काढून गोळ्याचा किती भाग खोबणीबाहेर आहे ते टक्क्यांत मोजतात. 30 टक्क्यांच्या वर गेल्यास अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे लागते. स्वीडनमध्ये 1994 पासून अशी नियमित पाहणी सुरू झाली आणि खुबा पूर्ण निखळण्याचे प्रमाण तिथे अगदी खाली आले.

याशिवाय पाठीच्या कण्याचा बाक, आखडलेले सांधे, स्नायूंचे पेटके आणि न बसणारी स्प्लिंट (हातपाय नीट स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार) हीही कारणे असतात. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर उठलेला लाल वळ अर्ध्या तासाने तसाच असेल, तर ती दुरुस्त करून घ्यावी. उभे न राहणाऱ्या मुलांची हाडे विरळ होतात. कपडे बदलतानाच्या किरकोळ पिळाने गुडघ्याजवळ हाड मोडू शकते. अचानक सुरू झालेले रडणे, एका पायाला सूज आणि ऊब असेल, तर पडल्याचे कुणी पाहिले नसले तरी एक्स-रे काढायलाच हवा. उलट बद्धकोष्ठ, आम्लपित्त, दात, कान, मूतखडा यांची वेदनाही ताठरपणा वाढवते आणि हाडाचे दुखणे असल्याचा भास निर्माण करते. म्हणून पोट आणि तोंड तपासल्याशिवाय खुब्यावर ठपका ठेवू नये.

उपचार बसण्या-झोपण्याच्या स्थितीपासून सुरू होतो. मापाची आसनव्यवस्था, दिवसभरात स्थिती बदलत राहणे, रात्री उशांचा आधार, उचलताना पाय ओढले जाणार नाहीत याची काळजी. व्यायाम वेदना सोसायला लावून करून घेऊ नये. दुखण्याच्या भीतीने स्नायू आणखी आखडतात. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन वजनाप्रमाणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने देतात. कोडीन हे अफूच्या वर्गातले वेदनाशामक बारा वर्षांखालील मुलांना देत नाहीत. ताठरपणा हेच मूळ असेल तर स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन वापरतात. ते एकाएकी बंद केल्यास झटके (फिट) येऊ शकतात, म्हणून डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवतात. ठरावीक स्नायूंत दिलेल्या, त्यांचा ताठरपणा उतरवणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. खुबा जास्त सरकला असेल तर शस्त्रक्रिया लागते, आणि तिच्यानंतरचे पेटके जखमेइतकेच दुखतात. त्यांच्यासाठी वेगळे औषध आधीच ठरवून घ्यावे.

मुलाला विचारण्याचा मार्गही बंद नसतो. नजर वर म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही, इतकी खूण ठरली तरी ‘पाय?’, ‘पाठ?’ असे एकेक विचारत जाता येते. उत्तर यायला वेळ लागतो. शरीराला ती हालचाल जुळवावी लागते. मध्येच प्रश्न पुन्हा विचारला की जुळत आलेली हालचाल मोडते आणि मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.