माझ्या ओळखीतल्या एकानेही त्याला मत दिलं नाही

एडिसनला राहणाऱ्या माझ्या एका मित्राचा नोव्हेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेतल्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी मेसेज आला. "अरे, आमच्या ओळखीतल्या एकानेही ट्रम्पला मत दिलेलं नाही. मग हा माणूस निवडून आला कसा?" मित्र इंजिनिअर आहे, आकड्यांना बिचकणारा नाही. म्हणून उत्तरही आकड्यांतच पाठवलं.

तो राहतो त्या न्यू जर्सीत ट्रम्प हरले खरे, पण सुमारे ४६ टक्के मतं घेऊन. समजा, राज्यातले २० मतदार चिठ्ठ्या टाकून निवडले. त्यांत ट्रम्पचा एकही मतदार नसण्याची शक्यता किती? ०.५४ चा विसावा घात काढा: सव्वादोन लाखांत एक. इतकं दुर्मीळ काही याच्याच वाट्याला आलं, असं मानण्यापेक्षा याची माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत, हे मानणं सोपं. (शिवाय त्यातल्या दोघा-तिघांनी मत देऊन तोंड बंद ठेवलं असेल, तो भाग वेगळा.)

हा प्रश्न जुना आहे. १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध चित्रपट-समीक्षक पॉलिन केल यांच्या तोंडी असंच एक वाक्य घातलं गेलं आणि आजतागायत ते शहरी शिष्टांची टिंगल करायला वापरलं जातं. प्रत्यक्षात त्या म्हणाल्या होत्या ते बरंच शहाणपणाचं होतं: मी एका वेगळ्याच जगात राहते, निक्सनला मत दिलेला एकच माणूस माझ्या ओळखीत आहे, बाकीचे कुठे असतात मला ठाऊक नाही. आपण बबलमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच माणसांच्या फुग्यात, आहोत हे त्यांना कळत होतं. आमच्या मित्राला कळत नव्हतं.

हा बबल आहे तरी किती जाड? जेकब ब्राऊन आणि रायन एनोस या हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये तो मोजला. त्यांनी सुमारे १८ कोटी नोंदणीकृत मतदारांचे पत्ते घेतले आणि प्रत्येकाचे सर्वांत जवळचे हजार शेजारी कोणत्या पक्षाचे, हे संगणकाला विचारलं. असंख्य लोकांच्या आसपास दुसऱ्या पक्षाचं जवळजवळ कुणीच राहत नाही, असं निघालं. आणि गंमत म्हणजे सर्वांत जाड बबल खेड्यातल्या शेतकऱ्याचा नव्हता, तो दाट वस्तीच्या शहरांतल्या डेमोक्रॅटांचा होता. विहिरीतला बेडूक गावातच असतो, ही शहरी समजूत इथे साफ उलटी पडते.

आता मला खरं ज्याबद्दल लिहायचंय त्याकडे येतो. अशी फाळणी व्हायला मनात द्वेष असावा लागतो का?

थॉमस शेलिंग नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते. शीतयुद्धातल्या डावपेचांचं गणित मांडणारे, २००५ च्या नोबेलचे मानकरी. १९७१ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला, आणि त्याची सामग्री म्हणजे बुद्धिबळासारखा पट आणि दोन प्रकारची नाणी. तुम्हीही करून बघा. पटावर एक आणि दोन रुपयांची नाणी कशीही विखरून ठेवा, काही घरं रिकामी सोडा. प्रत्येक नाण्याला आजूबाजूची आठ घरं. नियम एकच: माझ्या शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश माझ्यासारखे असले की मी खूश, नसले तर मी उठून मला मानवेल अशा रिकाम्या घरात जाणार. नियम किती उदार आहे बघा. दोन तृतीयांश शेजारी परके असले तरी या नाण्याची तक्रार नाही!

सुरुवातीला पट छान मिसळलेला असतो, शेजाऱ्यांत सरासरी निम्मे आपले, निम्मे परके. बहुतेक नाणी खूश. पण एखादं नाणं घ्या, ज्याचे आठपैकी तीन शेजारी आपले आहेत. ३७.५ टक्के, म्हणजे समाधानी. त्या तिघांतला एक काही स्वतःच्या कारणाने उठून गेला. उरले सातांत दोन, २८.६ टक्के. आपलं नाणं जागचं हललेलं नाही, त्याचं मत बदललेलं नाही, तरी ते आता नाखूश. तेही उठतं. ते उठल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या भाईबंदांचं प्रमाण घटतं, आणि ते जिथे जाऊन बसतं तिथल्या दुसऱ्या प्रकारच्या नाण्यांचंही. म्हणजे एका उठण्याचे दोन ठिकाणी परिणाम. हे चालत राहतं आणि सगळं शांत होतं तेव्हा पटावर ठसठशीत वस्त्या पडलेल्या असतात. सरासरी नाण्याचे ७० टक्क्यांच्या आसपास शेजारी आपल्याच जातकुळीचे. अशी वस्ती मागितली होती कुणी? कुणीच नाही.

शेलिंग यांच्या डोळ्यांपुढे गोऱ्या-काळ्यांच्या वस्त्या होत्या, आणि तिथे हे प्रारूप जपून वापरायला हवं. त्या वस्त्या निव्वळ सौम्य आवडीनिवडीतून झाल्या नाहीत. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनेच शहरांच्या नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या म्हणून रंगवल्या होत्या, आणि घरांच्या व्यवहारातला वंशभेद बेकायदा ठरायला १९६८ उजाडावं लागलं. प्रारूप एवढंच सांगतं की द्वेष नसला तरी फाळणी होऊ शकते. द्वेष नव्हता, असं ते सांगत नाही.

राजकारणात अडचण वेगळीच. घर बघायला गेलेला माणूस शेजारी कोणत्या पक्षाचे, हे विचारत नाही. तो शाळा, हप्ता, ऑफिसचं अंतर बघतो. पण आवडी आणि पक्ष एकमेकांना चिकटलेले असतात. प्यू संशोधन केंद्राने २०१४ मध्ये विचारलं होतं: मोठी घरं, पण शाळा-दुकानं मैलोन्मैल दूर, की लहान घरं, पण सगळं चालत जाण्याजोगं? पक्क्या परंपरावाद्यांपैकी (हे बहुतेक रिपब्लिकन) ७५ टक्क्यांनी पहिलं निवडलं, पक्क्या उदारमतवाद्यांपैकी (हे बहुतेक डेमोक्रॅट) ७७ टक्क्यांनी दुसरं. पक्ष न विचारताच पक्षनिहाय वाटणी झाली.

तरी सगळं श्रेय घर बदलण्याला देता येत नाही. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचं राज्य १९९२ आणि १९९६ मध्ये डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांनी जिंकलं. २०१६ मध्ये तिथे रिपब्लिकन ट्रम्प यांना सुमारे ६८ टक्के मतं पडली. वीस वर्षांत तिथली सगळी माणसं काही बदलली नव्हती. नंतरच्या अभ्यासांतही हेच दिसतं: जागा बदलणाऱ्यांपेक्षा जागच्या जागी पक्ष बदलणारे आणि नव्याने मतदार झालेले तरुण यांचा वाटा मोठा.

मग पटाचा नियम बदलू. नाणं उठत नाही, जागेवरच उलटतं. आठपैकी पाच किंवा जास्त शेजारी वेगळे असले की आपणही त्यांच्यासारखं व्हायचं; चार-चार अशी बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकून ठरवायचं. भौतिकशास्त्र शिकलेल्यांना चुंबकाचं आयसिंग प्रारूप आठवेल, अर्थात शून्य तापमानाचं, म्हणजे बहुमताविरुद्ध कुणी लहरीखातर उलटत नाही असं. (ज्यांना आठवणार नाही त्यांनी हे वाक्य सोडून पुढे यावं.) यातही वस्त्या पडतात, पण खरी मजा त्यांच्या कडांवर आहे. दोन रंगांची सीमा सरळ असेल तर सीमेवरच्या नाण्याचे पाच शेजारी आपले, तीन परके. सीमा टिकते. पण परक्या रंगात वेढलेलं चौकोनी बेट घ्या. त्याच्या कोपऱ्यावरच्या नाण्याचे शेजारी मोजा: तीन आपले, पाच परके. कोपरा उलटतो. त्याने बाजूच्या नाण्यांची चार-चार बरोबरी होते, आणि चिठ्ठ्या पडत राहिल्या की कधी ना कधी तीही उलटतात. बेट कोपऱ्यांकडून झिजत जातं, आणि जितकं लहान तितकं लवकर संपतं. त्याला टिकायचं तर बाहेरून सतत नवी नाणी यायला हवीत.

हे डोक्यात ठेवून ओहायोचा नकाशा बघा. २०२० मध्ये तिथल्या ८८ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) डेमोक्रॅट बायडन यांना फक्त ७ मिळाल्या. सहा मोठ्या शहरांच्या. सातवी अथेन्स, डोंगराळ भागातलं लहानसं बेट. तिथे ओहायो युनिव्हर्सिटी आहे, दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. त्याच वर्षी महोनिंग काउंटी मात्र डेमोक्रॅटांच्या हातून गेली; १९७२ नंतर पहिल्यांदाच तिने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. महोनिंग म्हणजे यंग्सटाउन, पोलादाचं गाव. १९ सप्टेंबर १९७७ ला तिथला एक मोठा पोलाद कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पुढे इतरही कारखाने गेले, युनियन खंगली, शिकलेली पोरं बाहेर पडली. नवी नाणी येईनात. दोनच काउंट्यांवरून सिद्धांत सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मी हा नकाशा बघत बसतो.

जाता जाता त्या प्रसिद्ध लाल नकाशाबद्दल. निवडणुकीनंतर जवळजवळ अख्खी अमेरिका लाल, म्हणजे रिपब्लिकन, दाखवणारं चित्र फिरतं आणि लोक हरखतात किंवा हादरतात. २०२० च्या जनगणनेप्रमाणे ८० टक्के अमेरिकन शहरी भागात राहतात, आणि तो भाग जमिनीच्या जेमतेम ३ टक्के आहे. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत त्या जनगणनेत ६४ माणसं होती, लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी. जमीन मत देत नाही.

आणि तो अल्गोरिदम, कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारा संगणकी नियम? आपल्याकडे पत्रिकेत काही सापडलं नाही की साडेसातीवर ढकलतात, तसं हल्ली समाजात काही बिनसलं की फेसबुकच्या अल्गोरिदमवर ढकलायची पद्धत आहे. २०२० च्या निवडणुकीच्या काळात संशोधकांनी फेसबुकच्या सुमारे २३ हजार वापरकर्त्यांच्या फीडमधला समविचारी मजकूर तीन महिने साधारण एक तृतीयांशाने कमी करून बघितला. त्यांच्या राजकीय मतांत मोजण्याजोगा फरक पडला नाही. त्याआधी २०१७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ध्रुवीकरण सर्वांत वाढलेलं आढळलं ते पासष्टीच्या वरच्यांत, इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्यांत. फेसबुकवरची मैत्रीसुद्धा भूगोल सोडत नाही: सरासरी अमेरिकनाचे ६० टक्क्यांहून जास्त फेसबुक-मित्र १६० किलोमीटरच्या आत राहतात.

पलीकडचा माणूस भेटतच नाही, तेव्हा त्याचं चित्र आपण कल्पनेने भरतो. डग्लस अ‍ॅलर आणि गौरव सूद यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकनांना विचारलं, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणारे रिपब्लिकन किती? लोकांचा सरासरी अंदाज ३८ टक्के, प्रत्यक्षात २. समलिंगी, उभयलिंगी वगैरे डेमोक्रॅट किती? अंदाज ३२, प्रत्यक्षात ६.

कॅथरिन क्रेमर यांनी हे चित्र आतून पाहिलं. त्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन, तिथल्या विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. २००७ पासून त्या विस्कॉन्सिनच्या गावोगावी जाऊन पेट्रोल पंपावर सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींत बसल्या, प्रश्नावली न काढता नुसत्या ऐकत राहिल्या. तक्रार पुन्हा पुन्हा तीच: आमच्या कराचा पैसा मॅडिसन आणि मिलवॉकी या मोठ्या शहरांकडे जातो, निर्णय तिथे होतात, आणि वर आम्हालाच अडाणी म्हणतात. क्रेमर यांनी पैशाचा हिशोब तपासला. दरडोई बघितलं तर ग्रामीण काउंट्यांना कमी मिळत नव्हतं. शहरी वाचक इथे थांबतो आणि म्हणतो, बघा, गैरसमज. पण विरळ वस्तीत तेवढ्याच माणसांसाठी रस्ता कितीतरी लांब, शाळेची बस कितीतरी दूर जाणारी आणि दवाखाना पुढच्या गावात. दरडोई सारखाच पैसा तिथे कमी पुरतो. भागिले माणसं करायचं की भागिले किलोमीटर, यावरच हिशोब फिरतो, आणि मॅडिसनमध्ये बसून किलोमीटरने भागायचं कुणाला सुचत नाही.