गाठ अख्खी का काढतात?

मानेवर गाठ येते, डॉक्टर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा किंवा अख्खी गाठ काढून तपासणी, करायला सांगतात, आणि घरातलं कुणी वडीलधारं बजावतं, “हत्यार लावू नका, भडकेल.” असं बोलणारा माणूस मायेनं बोलत असतो, म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. पण या एका वाक्यानं कित्येकांचे महत्त्वाचे महिने वाया घालवले आहेत. मनात लिम्फोमाची शंका असताना तर ते बिलकुल ऐकू नये.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे. या पेशी मुळातच एका जागी बसणाऱ्या नाहीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की लसिकेतून, म्हणजे ऊतींतून रक्ताकडे परतणाऱ्या पातळ द्रवातून, रक्तात उतरलेले लिम्फोसाइट रक्तातून पुन्हा लसिका ग्रंथींमध्ये शिरतात, तिथून बाहेर पडतात आणि पुन्हा रक्तात येतात. हा फेरा जन्मभर चालू असतो. लिम्फोमाच्या पेशींनाही फिरण्याचा हा स्वभाव वारशानं मिळतो. त्यांना वाट आधीपासून मोकळीच असते, सुईनं ती नव्यानं उघडत नाही. दुसऱ्या काही मोजक्या अवयवांच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा थोडा धोका असतो, आणि तिथे डॉक्टर त्या हिशेबानंच मार्ग निवडतात. लिम्फोमाच्या शंकेनं केलेल्या बायोप्सीला ती भीती लागू होत नाही.

आता थोडा धीर. आपल्या शरीरात अशा ग्रंथी सुमारे ६०० असतात आणि सुजणं हे त्यांचं कामच आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, दाढ किडली की जबड्याखाली गाठ लागते. बहुतेक गाठी दोन-चार आठवड्यांत उतरतात. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, रबरासारखी घट्ट, न दुखणारी आणि महिना-दीड महिना उलटूनही न उतरणारी गाठ मात्र दाखवायलाच हवी. गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात गाठ लागली तर महिनाभरही थांबू नये. सोबत ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा ताप, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, किंवा सहा महिन्यांत वजनात दहा टक्के घट असेल तर डॉक्टर घाई करतात, आणि ते बरोबरच आहे.

पण आपल्याकडे इथेच गोंधळ होतो, कारण ताप, घाम आणि वजन घटणं ही टीबीचीही लक्षणं आहेत. जगातले सुमारे एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत आणि मानेतल्या गाठींचा टीबी, म्हणजे आपल्या जुन्या गंडमाळा, आजही सर्रास आढळतो. त्यामुळे अनेकदा पुरावा हाती नसताना “बघू उतरते का” म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते. मला ही पद्धत घातक वाटते. काही लिम्फोमांच्या गाठी आपोआप लहान-मोठ्या होतात, त्यामुळे औषध लागू पडल्याचा भास होतो. उलट खऱ्या टीबीच्या गाठी उपचार चालू असताना काही काळ वाढूही शकतात. म्हणजे गाठ वाढली किंवा उतरली, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ही गल्लत थोर शास्त्रज्ञांनाही चुकलेली नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये सात रुग्णांच्या सुजलेल्या ग्रंथींचं वर्णन केलं, तेही मुख्यतः डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी या आजारातल्या राक्षसी आकाराच्या पेशी नीट नोंदवल्या, पण हा टीबीचाच एक वेगळा प्रकार असल्याचं त्यांचं मत झालं. १९०२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या डोरोथी रीड या तरुण संशोधिकेनं त्याच पेशी पाहून ठामपणे लिहिलं, की याचा टीबीशी संबंध नाही. आज त्या पेशी दोघांच्या नावानं ओळखल्या जातात. हॉजकिन यांच्या रुग्णांचे संग्रहालयात जपलेले काही नमुने १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा तेही सगळे हॉजकिनच्या आजाराचे निघाले नाहीत.

हॉजकिन लिम्फोमात या रीड-स्टर्नबर्ग पेशी गाठीच्या जेमतेम एखादा टक्का असतात. बाकीची सगळी गर्दी त्यांच्याभोवती गोळा झालेल्या निरोगी पेशींची असते. कधीकधी त्या गर्दीत टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजकेही सापडतात. बारीक सुईनं चार थेंब ओढून घेतले तर ती एक टक्का पेशी हाती लागेलच, याचा भरवसा नाही. शिवाय सुईत पेशी सुट्या येतात, त्यांची मांडणी मोडते. गावातून चार माणसं उचलून आणली तर तिथे जत्रा भरली होती की दंगल पेटली होती हे सांगता येणार नाही, त्यासाठी गाव पाहावं लागतं. म्हणून लिम्फोमाची शंका असेल तर शक्यतो अख्खी गाठ काढतात. गाठ पोटात किंवा छातीत खोल असेल तर जाड सुईनं लांब तुकडे घेतात.

ही मांडणी म्हणजे काय, हे सांगताना मी जरा रेंगाळणार आहे, कारण मानवी शरीरात यापेक्षा थक्क करणारी जागा मला माहीत नाही.

जंतूशी गाठ पडली की सुमारे आठवड्याभरात लसिका ग्रंथीत गोल गोल केंद्रं तयार होतात. त्यांना जर्मिनल सेंटर म्हणतात. तिथे बी-लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिपिंडं (जंतूला चिकटणारी प्रथिनं) बनवणाऱ्या पेशी, प्रचंड वेगानं विभागतात. केंद्राचा एक भाग गडद दिसतो, एक फिकट. गडद भागात पेशी विभागतात आणि मुद्दाम स्वतःच्या जनुकात चुका करतात. एआयडी नावाचं एक विकर (एन्झाइम) प्रतिपिंडाच्या जनुकातली अक्षरं बदलत जातं. शरीरात इतरत्र होणाऱ्या उत्परिवर्तनांच्या तुलनेत हा वेग सुमारे दहा लाख पट आहे. एआयडीचा शोध जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९९ मध्ये लागला.

मग या बदललेल्या पेशी फिकट भागात येतात. तिथे जंतूचे तुकडे अंगावर धरून बसलेल्या पेशी असतात आणि मदतनीस टी-पेशी, म्हणजे दुसऱ्या जातीचे लिम्फोसाइट, असतात. जिचं नवं प्रतिपिंड जंतूला अधिक घट्ट चिकटतं, तिला टी-पेशीकडून जगण्याचा संदेश मिळतो. बाकीच्या मरतात. वाचलेल्यांपैकी अनेक पुन्हा गडद भागात जातात, पुन्हा चुका करतात, पुन्हा परीक्षा देतात. डार्विननं लाखो वर्षांच्या पटावर मांडलेली निवड इथे तीन-चार आठवड्यांत उरकते, आणि प्रतिपिंडं दिवसेंदिवस अधिक अचूक होत जातात.

या सगळ्याचा पाया आहे मरण. केंद्रातल्या बी-पेशींमध्ये बीसीएल२ हे मरण रोखणारं प्रथिन जवळजवळ बंद केलेलं असतं. संदेश मिळाला नाही तर पेशी आपोआप संपते आणि भक्षकपेशी तिचा फडशा पाडतात. आता समजा, अस्थिमज्जेत बी-पेशी घडताना, डीएनए तोडून जोडण्याच्या नेहमीच्या कामात एक जोड चुकला आणि १८ व्या गुणसूत्रावरचं बीसीएल२ चं जनुक १४ व्या गुणसूत्रावरच्या प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसलं. बी-पेशीत प्रतिपिंडाचं जनुक सतत चालू असतं, म्हणून त्याच्या शेजारचं बीसीएल२ ही चालू राहतं. मग परीक्षेत नापास झाल्यावरही ती पेशी मरत नाही. ती पुन्हा पुन्हा केंद्रात येते, नव्या चुका साठवते, आणि कधीतरी त्यातून फॉलिक्युलर लिम्फोमा उभा राहतो. असा एकटा चुकलेला जोड कित्येक निरोगी प्रौढांच्या रक्तातही थोड्या पेशींत सापडतो, म्हणजे कॅन्सर व्हायला तेवढा पुरत नाही. बर्किट लिम्फोमात असाच जोड ८ आणि १४ या गुणसूत्रांमध्ये पडतो आणि तिथे एआयडीचाच हात असतो. प्रौढांमधले बहुतांश लिम्फोमा बी-पेशींचे असतात आणि त्यातले बरेचसे या केंद्रांतून गेलेल्या पेशींपासून सुरू होतात. ज्या चुकांमुळे आपण गोवरासारख्या आजारांपासून वाचतो, त्याच चुकांची ही किंमत आहे. कुणाची नजर, कुणाचं पाप, मागच्या जन्मीचं काही, यातलं काहीही यात नाही. आजारी माणसाला असं सुनावणाऱ्यांना घरच्यांनी तिथल्या तिथे गप्प करावं.

पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर, नेमकं हेच शोधत असतो. केंद्रं गोल आहेत का, गडद-फिकट भाग जागेवर आहेत का, भक्षकपेशी दिसतात का, केंद्रात बीसीएल२ रंग धरतं का. संसर्गानं सुजलेल्या गाठीत केंद्रातल्या बी-पेशी हा रंग धरत नाहीत, फॉलिक्युलर लिम्फोमात बहुधा धरतात. दुसरी एक खूण मला विशेष देखणी वाटते. प्रत्येक बी-पेशीच्या प्रतिपिंडात कापा किंवा लॅम्डा यांपैकी एकच हलकी साखळी, म्हणजे प्रतिपिंडाचा लहान भाग, असते. निरोगी गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, साधारण दोनास एक या प्रमाणात. गाठीतल्या जवळजवळ सगळ्या बी-पेशी एकाच साखळीच्या निघाल्या, तर ती सगळी एकाच पेशीची प्रजा असल्याचा दाट संशय येतो.

रिपोर्टला आठ-पंधरा दिवस लागतात ते यामुळे. गाठ फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावणात, मुरते, मेणाच्या ठोकळ्यात बसवली जाते, तिचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. आधी साधा गुलाबी-जांभळा रंग देतात, आणि त्यात जे दिसेल त्यावरून पुढची चाचणी ठरते. तिला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. तिच्यातले रंग म्हणजे प्रतिपिंडंच. एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली. त्याच युक्तीतून पुढे रिटुक्सिमॅब हे औषध आलं आणि १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते बी-पेशीवरच्या सीडी२० या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे रिपोर्टात ‘सीडी२० पॉझिटिव्ह’ वाचून धसका घेऊ नका. त्या पेशींनी रंग धरला एवढंच ते सांगतं, आणि या औषधाला धरायला जागा आहे हेही त्यातून कळतं.

हे वाट पाहण्याचे दिवस फार कठीण असतात. त्या दिवसांत रात्री दोन वाजता मोबाइलवर आकडे शोधू नयेत. लिम्फोमाचे कितीतरी प्रकार आहेत. काही हॉजकिनसारखे, लवकर सापडले तर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होणारे. काही इतके संथ, की डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. काहींना आठवड्याभरात केमो लागते. प्रकार कळेपर्यंत कुठलाही आकडा तुमचा नसतो. रक्तातून कॅन्सर ओळखून देणारी म्हणून विकली जाणारी महागडी पॅकेजंही घेऊ नका. साधं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल असतानाही लिम्फोमा असू शकतो, आणि पेटस्कॅनमध्ये टीबीची गाठही तशीच उजळते. गाठीवर लेप लावणं, डाग देणं यातून जखम आणि उशीर एवढंच मिळतं. आणि बायोप्सीआधी कुणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देत असेल, तर शंका काय आहे ते सांगून आधी विचारा. स्टेरॉइडनं लिम्फोमाच्या पेशी झपाट्यानं विरघळतात, गाठ उतरल्याचा आनंद होतो, आणि मग तुकड्यात निदान करायला काही उरत नाही.

सर्जनशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकली तर त्यातले टीबीचे जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, होऊ शकत नाही. म्हणून एक भाग फॉर्मॅलिनशिवाय, सलाइनमध्ये, टीबीच्या कल्चर आणि सीबीनॅट या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी पाठवायला हवा. दोन्ही शंकांचं उत्तर एकाच शस्त्रक्रियेत मिळतं.

निदान लिम्फोमाचं आलं, तर पहिल्या भेटीला एकट्यानं जाऊ नये. सोबतच्या माणसानं लिहून घ्यावं. नेमका प्रकार कोणता, स्टेज कोणती, उपचार आजच हवा की थांबता येईल, हे विचारावं. रुग्ण तरुण असेल तर केमोआधी शुक्राणू किंवा बीजांडं जपून ठेवता येतील का, हेही विचारावं. हा प्रश्न संकोचानं राहून जातो आणि नंतर हळहळ उरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं. परळच्या टाटा हॉस्पिटलला, जे १९४१ पासून उभं आहे, गावाहून येणाऱ्यांना राहण्याची चिंता मोठी असते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा रुग्णांची नि नातेवाइकांची सोय वर्षानुवर्षं करत आहेत. जागेची चौकशी निघण्याआधी फोनवर करावी. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाण्याची लाज बाळगू नये, ते लोक याच कामासाठी तिथे बसलेले असतात.

आणि लॅबमधून स्लाइड व मेणाचे ब्लॉक मागून घ्या. रुग्णानं मागितल्यावर ते मिळतात. लिम्फोमाचा प्रकार ठरवणं अवघड असतं, म्हणून मोठी केंद्रं बाहेरचा रिपोर्ट तसाच न स्वीकारता तुकडा स्वतः पुन्हा वाचतात, आणि कधीकधी त्यात प्रकार बदलतोही. नांदेड-लातूरहून नुसत्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन मुंबईला आलेल्या माणसाला ब्लॉकसाठी परत गावी जावं लागू शकतं. ब्लॉक उन्हात वितळू शकतात, म्हणून प्रवासात ते गाडीच्या काचेजवळ ठेवू नका.